आमच्या गाडीला झेपेल अशी बोट

आमचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खात्याने त्यांना निवृत्त केले, पण त्यांच्यातल्या निरीक्षकाला तसा हुकूम कोणी बजावला नाही. शेजारी आणि नातेवाईक त्यांना अजूनही निरीक्षकच म्हणतात. मीही मनातल्या मनात तेच म्हणते, तोंडाने मात्र ‘अहो’. त्यांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, पोकळ केलेली वजने उलटी करून पाहिली, कापडाच्या गजातली बोटभर चोरी पकडली, आणि ज्याच्या दुकानात गेले त्याच्याकडचा चहाचा कपही कधी तोंडाला लावला नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला एक क्षणही शंका आलेली नाही. ही हकिकत एका प्रामाणिक माणसाची आहे हे वाचकाने शेवटपर्यंत लक्षात ठेवावे. लबाड माणसाच्या हातून माझे एवढे नुकसान झाले नसते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलाव दिसतो आणि तलावापलीकडचा काठ दिसतो: काळपट झाडांची एक रांग, तिच्या पुढे पांढरा खडक. तिकडे रस्ता जात नाही, कारण मागे उभा कडा आहे. जायचे तर पाण्यातूनच. लग्न होऊन या घरात आले तेव्हाच मी म्हटले होते, “मला एकदा तिकडे उभं राहून आपलं घर बघायचंय.” निरीक्षक म्हणाले होते, “बघू. बोट घेऊ.” नव्या नवऱ्याने नव्या बायकोला द्यायचे ते उत्तर त्यांनी दिले. चूक माझी नव्हती; मी ते खरे मानले, आणि त्यांच्याकडून आलेली गोष्ट खरी मानायची सवय मला त्यांनीच लावली होती.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी महाविद्यालयात न्यायसंस्थांचा इतिहास शिकवत होते, ते सोडले. त्यांना उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे ही कामे माझ्याकडे आली, आणि अशी कामे एकदा कोणाकडे गेली की तिथेच राहतात. निरीक्षकांनीही आपला वाटा उचलला. त्यांनी आईसाठी खात्यातल्या ओळखीने एक उत्कृष्ट वजनकाटा आणला. दर रविवारी ते चष्मा लावून तबकडी वाचत आणि काळजीने म्हणत, “आई हलकी होत चालली.” काट्यावर सासूबाईंना दोन्ही काखांत हात घालून उभे मी करत असे. माझ्या पाठीला त्या हलक्या झाल्याचे कधी जाणवले नाही.

त्या वर्षांत आम्ही दोघे एक वाक्य वारंवार बोलत होतो: मोकळे झालो की. कधी मोकळे होणार, कशाने होणार, हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणून वाक्य तिथेच तोडत होतो. पुढचा भाग मी खिडकीतून बघून पुरा करत होते.

सासूबाई गेल्या. काही महिन्यांनी निरीक्षक एका सकाळी पेपर खाली ठेवून म्हणाले, “चल, बोट बघायला जाऊ.”

मला भरून आले, हे लिहिताना आज शरम वाटते.

बोट एका दंतवैद्याची होती. त्याची कंबर धरली होती म्हणून विकायला काढलेली. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दोन चाकांच्या ट्रेलरवर ठेवलेली होती: पांढरी, निळ्या पट्ट्याची, मागे लहानसे इंजिन, आत तीन बाकडी. मी कडेला हात लावला. धूळ होती, पण खाली गुळगुळीत होते.

“आमची गाडी बारीक आहे,” निरीक्षक दंतवैद्याला म्हणाले. “आईला दवाखान्यात न्यायला घेतली होती. सहाशे किलोच्या वर ओढायला परवानगी नाही.”

“ही पिसासारखी आहे हो,” दंतवैद्य म्हणाला. “पाटीच बघा ना.”

बोटीच्या पाठीवर कारखान्याची पाटी रिबिटांनी ठोकलेली होती, तिच्यावर शिक्का होता, आणि शिक्क्याखाली तीनशे चाळीस किलो असा आकडा खोदलेला होता. निरीक्षकांनी रुमालाने पाटी पुसली, आकडा मोठ्याने वाचला, अंगठ्याने शिक्का चाचपला. मी त्यांना दुकानांत असे करताना पाहिलेले नाही, पण असेच करत असणार.

“हे नुसत्या बोटीचं असेल,” मी म्हटले. “इंजिन, ट्रेलर धरून किती होतं?”

“शिक्का आहे त्याच्यावर,” निरीक्षक म्हणाले.

दंतवैद्याने माझ्याकडे पाहिले, मग कमरेला हात लावला. त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. वरचे आकडे त्याला कोणी विचारले नाहीत. मी विचारले होते, पण ते विचारण्यात धरायचे नसते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वजने खोटी ठरवली, त्याला शिक्का असलेले वजन अपुरे असू शकते हे सुचले नाही. शिक्का फोडणारे चोर त्यांना माहीत होते, पण शिक्का अर्धेच बोलतो, ही शक्यता त्यांच्या खात्यात नव्हती.

बोट अंगणात आली ती दंतवैद्याच्या मेव्हण्याच्या जीपमागून. पुढचे काही दिवस बरे गेले, ते मी नाकारणार नाही. मी बाकड्यांसाठी जाड कापडाच्या गाद्या शिवल्या. निरीक्षकांनी इंजिन पुसले, नांगराची साखळी तेलात बुडवली, गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा आकडा बसवून घेतला. संध्याकाळी आम्ही ट्रेलरवरच्या बोटीत बसून चहा प्यायलो. समोर भिंत होती. “भिंतीपलीकडे तो खडक,” मी म्हटले, आणि ते चक्क हसले.

मग भावजी आले. भावजी म्हणजे निरीक्षकांचे धाकटे भाऊ, विमा विकतात. आईच्या आजारपणात वर्षातून एकदा येऊन, आईचा हात हातात घेऊन, डोळे पुसून गेलेले. त्यांनी कधीतरी कुणाच्या तरी होडीत वल्हे मारले होते, त्यामुळे ते जाणकार ठरले.

“दादा, वजनकाट्यावर घातलीस का?” त्यांनी बोटीभोवती फिरून विचारले. “नाही म्हणजे, तू निरीक्षक. लोक म्हणतील दिव्याखालीच अंधार.”

ते त्यांनी थट्टेने म्हटले. निरीक्षकांनी मात्र त्याच दिवशी गाडीला ट्रेलर जोडला.

लाकडाच्या वखारीबाहेर ट्रक तोलायचा काटा आहे. रस्त्याच्या पातळीत बसवलेला लोखंडी फलाट आणि बाजूला काचेची खोली. खोलीत काटेवाला रेडिओ ऐकत बसतो. निरीक्षकांनी आधी गाडी सोडून बोटीसकट ट्रेलर तोलून घेतला. आकडा सहाशेच्या वर गेला तेव्हा ते काचेजवळ जाऊन उभे राहिले आणि काटेवाल्याला म्हणाले, “तुमचा काटा शेवटचा कधी तपासलाय?”

“तुम्हीच तपासला होता साहेब,” काटेवाला म्हणाला. “शिक्का तुमचाच आहे.”

भावजींना हसू आवरेना. मलाही आवरले नाही, आणि ते निरीक्षकांनी पाहिले.

मग उतरवणे सुरू झाले. जास्तीचा नांगर उतरला. पेट्रोलचा डबा उतरला. मागचे बाकडे खोलले. दोरांचे भेंडोळे गेले. माझ्या गाद्या गेल्या. त्यांचे वजन ते किती, पण निरीक्षक त्या दोन्ही हातांनी उचलून फुटपाथवर ठेवताना पुराव्याची वस्तू जप्त करावी तसे गंभीर होते. अखेर ट्रेलर सहाशेच्या आत आला. भावजींनी टाळी वाजवली.

“झालं?” मी विचारले.

“थांब,” निरीक्षक म्हणाले. त्यांनी गाडीचे माहितीपुस्तक बाहेर काढले. ट्रेलरची मर्यादा ही एक गोष्ट. गाडी, ट्रेलर आणि आत बसलेली माणसे मिळून एकूण जोडभार ही दुसरी, आणि तिचाही आकडा ठरलेला होता. आम्ही तिघे गाडीत बसलो, सगळे मिळून फलाटावर गेलो. काटेवाल्याने काचेवर टकटक केली.

“जास्त भरतंय साहेब. एक माणूस उतरवा, मग बसेल.”

मी मागच्या सीटवर होते. भावजी पुढे, निरीक्षकांच्या शेजारी. त्यांचा पट्टा पोटावर ताणलेला होता. निरीक्षकांनी आरशात पाहिले, आणि आरशात मी होते.

“तू जरा उतरून बघ,” ते म्हणाले.

मी उतरले. फलाटावरून खाली पाय ठेवला, तेव्हा काचेमागचा आकडा हलला आणि थांबला. निरीक्षकांनी खिडकीतून मान बाहेर काढून तो वाचला. मर्यादेच्या चार किलो आत. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ समाधान होते, हिशेब जुळलेल्या माणसाचे. माझ्यावाचून ते कायदेशीर झाले होते.

“भावजी माझ्यापेक्षा जड आहेत,” मी रस्त्यावरून म्हटले. “ते बसनं येतील तर आणखी सोपं होईल.”

“वहिनी, थेट वजनावर आलात,” भावजी म्हणाले.

“त्याचं वेगळं आहे,” निरीक्षक म्हणाले. “ट्रेलर मागे घेताना बघायला माणूस लागतो. बोट पाण्यात सोडायला लागतो. तो कामाचा आहे. तू कशाला उगाच ओल्यात पाय घालतेस?”

“म्हणजे भावजी गाडीचा भाग, आणि मी सामान.”

“असं कुठं म्हटलं मी?”

त्यांनी खरेच तसे म्हटले नव्हते. मी शिकवत असताना मुलांना सांगत असे, की प्राचीन न्यायपद्धतीत आरोपीला तराजूत घालून दोनदा तोलत. दुसऱ्या खेपेला तो हलका भरला तर निर्दोष, आणि जड भरला किंवा तेवढाच राहिला तर दोषी. मुले हसत. कोणीतरी विचारी, की बाई, पण त्याने काय सिद्ध होतं? मी म्हणे, तोलणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, एवढे सिद्ध होते. ही माझी पहिली खेप होती, आणि मी जड भरले.

“बसला खिडकी मिळते वहिनी,” भावजी म्हणाले. “आम्ही वाट बघतो घाटावर. तुम्ही आलात की निघायचं, हाय काय नाय काय.”

पुढच्या रविवारी ते दोघे सकाळी गाडीने निघाले. बोटी उतरवायचा घाट तलावाच्या टोकाला, टेकडीच्या मागे आहे. मी चौकात जाऊन बसची वाट पाहिली. डबा मांडीवर होता, तिघांपुरता. बस उशिरा आली, वाटेत दोनदा थांबून चालकाने पाण्याची टाकी उघडून पाहिली. मला खिडकी मिळाली नाही.

घाटावर पोहोचले तेव्हा उतारावर आमची गाडी उभी होती आणि मागे रिकामा ट्रेलर. पाणी ट्रेलरच्या चाकांना लागत होते. बोट मला नंतर दिसली: खूप दूर, पांढऱ्या खडकाच्या शेजारी एक पांढरा ठिपका. पाहता पाहता त्या ठिपक्यातून एक लहान ठिपका बाहेर पडला आणि खडकावर चढला. त्याने हात वर केला. त्यांना मी दिसत होते की नाही, माहीत नाही. मीही हात वर केला. पुष्कळ वर्षांच्या संसारात हात आपोआप वर जातो.

ते परत आले तेव्हा दोघांचे चेहरे उन्हाने आणि आनंदाने लाल झाले होते. निरीक्षकांना इतके तरुण मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

“वाट बघितली तुझी,” ते म्हणाले. “पण वारा वाढणार असं तो म्हणाला. पुढच्या वेळी तुला नेऊ.”

“वहिनी,” भावजी डबा उघडत म्हणाले, “आपला काठ तिकडून कसा दिसतो सांगू? दादा म्हणत होता तुम्हाला फार हौस. तर ऐका. काही नाही हो. फळीवर डबे मांडून ठेवावेत तशी घरं. आपलं कुठलं ते ओळखूसुद्धा येत नाही. तुम्ही उगाच दगदग केली असती.”

“ओळखू येत नाही?” मी निरीक्षकांना विचारले.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “खिडकी दिसली असेल कदाचित,” ते म्हणाले. “पण सगळ्यांच्याच खिडक्या असतात.”

डब्यातले संपले.

वारा खरोखरच वाढला होता. त्यांनी बोट दोर लावून ट्रेलरवर ओढून घेतली, पट्टे आवळले, आणि निरीक्षक गाडीत बसले. इंजिन ओरडले. पुढची चाके जागच्या जागी गरगरली, शेवाळाचा हिरवा चिखल उडाला, गाडी तसूभरही वर सरकली नाही. गाडी ओढते पुढच्या चाकांनी. मागे बोटीचा भार उताराच्या बाजूला लोंबला की पुढचे तोंड उचलले जाते आणि चाकांची पकड सुटते. माहितीपुस्तकात हे नसावे. जळक्या रबराचा वास सुटला. निरीक्षकांनी पुन्हा प्रयत्न केला, मग पुन्हा.

“पुढं वजन पाहिजे,” भावजी म्हणाले, आणि जाऊन बॉनेटवर बसले, पाय खाली सोडून. चाके थोडी धरल्यासारखी झाली, गाडी हातभर वर आली आणि घसरून पुन्हा होती तिथे गेली. भावजींनी वायपर घट्ट धरून ठेवला होता.

“अजून पाहिजे, दादा. थोडक्यात अडलंय.”

निरीक्षकांनी काच खाली केली. या वेळी आरशाची गरज नव्हती. मी समोरच, उताराच्या माथ्यावर रिकामा डबा घेऊन उभी होते.

“ये ग,” ते म्हणाले. “त्याच्या शेजारी बस जरा. एवढी वर चढली की झालं.”

आवाज मऊ होता. मला खात्री आहे, त्या क्षणी मी त्यांना मनापासून हवी होते. ही दुसरी खेप. या वेळी त्यांना मी जड भरायला हवी होते.

मी गाडीजवळ गेले. बॉनेट तापले होते, हात लावून पाहिला.

“अहो,” मी म्हटले, “बॉनेटवर बसलेलं माणूस एकूण जोडभारात धरतात का?”

ते थबकले. प्रश्न खात्याचा होता आणि त्यांनी तो खात्याच्या माणसासारखा घेतला. “धरायला हवं,” ते म्हणाले. “गाडीत असो की गाडीवर, भार तो भार.”

“भावजी धरून किती जागा उरली होती?”

“चार किलो.”

“मग माझं कसं बसणार त्यात?”

“वहिनी, चार पावलांचा प्रश्न आहे,” भावजी बॉनेटवरून म्हणाले. “कोण बघतंय इथं?”

मी त्यांच्याकडे पाहिले नाही. “नियमात पावलं दिलीत का, अहो? की एवढ्या पावलांपर्यंत चालतं?”

निरीक्षकांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. त्यांनी खोटे बोलावे असे मला त्या घटकेला किती वाटले हे मी कोणाला सांगू शकणार नाही. त्यांनी म्हणावे, खड्ड्यात गेला नियम, ये. किंवा, चुकलो, ये. यांतले कोणतेही एक वाक्य आले असते तर मी त्या तापलेल्या पत्र्यावर बसले असते, आणि बहुधा पुढची सगळी वर्षे बसूनच राहिले असते.

“नाही,” ते म्हणाले. “पावलं नाहीत दिलेली.”

“मग माझी बस बघते,” मी म्हटले.

“अग, पण बोट…” त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तोडले. आमच्या घरात वाक्ये तोडायची जुनी सवय आहे.

बसमध्ये या वेळी खिडकी मिळाली. रस्ता काही अंतर पाण्याच्या कडेने जातो. त्यांनी बोट पुन्हा पाण्यात सोडून घाटाच्या खुंट्याला बांधली होती, गाडी हलकी करण्यासाठी. ती लाटांवर सहज वरखाली होत होती. गाडी रिकामा ट्रेलर घेऊन एव्हाना वर आली होती आणि दोघे भाऊ तिच्याभोवती फिरत काहीतरी बोलत होते. बोट दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरने काढली.

आता ती अंगणात ताडपत्रीखाली आहे. मी खिडकीत उभी राहते तेव्हा पलीकडचा काठ पूर्वीसारखा दिसत नाही. झाडे तीच आहेत, खडक तोच आहे, पण आता तिकडून इकडेही दिसते, आणि तिकडून मी म्हणजे फळीवरच्या डब्यांतला एक, ओळखू न येणारा. एवढे भावजींनी एका घासाबरोबर करून ठेवले, आणि ते मला परत देता येण्याजोगे नाही. बोटीने जाऊन आता उपयोग नाही. निरीक्षकांना हे कळलेले नाही. त्यांना वाटते, मी रागावले आहे.

म्हणून ते मोठी गाडी बघत आहेत. परवा त्यांनी तीन गाड्यांचे आकडे वाचून दाखवले. “हिच्यात तूसुद्धा बसशील,” ते म्हणाले. “गाद्यांसकट.” मग आत जाऊन त्यांनी मागच्या खोलीतल्या पलंगाखालून आईचा वजनकाटा काढला, फडक्याने पुसला, तबकडी शून्यावर आणली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर, माझ्या पायांशी ठेवला.

“ये,” ते म्हणाले. “या वेळी आधीच सगळं नीट मोजून घेऊ.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून उभे राहिले. मी गॅस बारीक केला, काटा उचलला, आणि जिथून आला होता तिथे नेऊन ठेवला. परत आले तेव्हा ते तसेच वाकलेले होते, रिकाम्या फरशीकडे बघत.